वाट मोकळी करणारा वीर
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



शौर्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे रणांगणी पडलेला वीर उभा राहतो. हुतात्म्यास वंदन करणे हा आपला धर्मच आहे. परंतु जो वीर परत येतो, संसार करतो आणि वृद्ध होतो, त्याच्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो? आज अशाच एका वीराचे स्मरण करावयाचे आहे. ते म्हणजे परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामा राघोबा राणे.

राण्यांचा जन्म २६ जून १९१८ चा. घराणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. वडील पोलीस शिपाई. तेव्हा बदलीच्या गावी बिऱ्हाड मांडणे आणि मोडणे बालपणीच अंगवळणी पडले. परमुलखात राहणाऱ्या आपणांस ते वेगळे सांगावयास नको. १९४० मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये शिपाई म्हणून दाखल झाले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले.

पुढच्याच एप्रिलमध्ये, काश्मीरच्या युद्धात, आपले सैन्य नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाले. वाट डोंगराळ, शत्रूने तीत सुरुंग पेरलेले, झाडे आडवी पाडलेली. रणगाडे पुढे न्यावयाचे तर आधी वाट मोकळी व्हावयास हवी. ते काम राण्यांच्या तुकडीकडे आले. ८ एप्रिल १९४८ रोजी उखळी तोफांच्या माऱ्यात तुकडीतील दोघे ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. तरीही ११ एप्रिलपर्यंत, गोळीबार चालू असताना, त्यांनी हे काम सोडले नाही आणि त्याच वाटेने सैन्य राजौरीस पोहोचले.

या पराक्रमाची जात निराळी आहे. सुरुंग काढणारा गुडघे टेकून हातांनी माती चाचपतो. त्याचे काम साधले याची खूण एकच : मागून येणाऱ्यास काहीही होत नाही. आणि ज्याला काही झाले नाही, त्याला आपण कशातून वाचलो हे बहुधा कळतही नाही. घरातल्या कर्त्या माणसाचे कष्टही याच जातीचे नव्हेत काय?

परमवीरचक्राच्या पहिल्या पाच मानकऱ्यांपैकी तिघांना तो सन्मान मरणोत्तर लाभला. सन्मान घेण्यास हयात होते ते करम सिंग आणि राणे. राण्यांनी पुढे संसार केला, मुले वाढविली, १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात देह ठेवला. त्या चार दिवसांनंतर शेहेचाळीस वर्षे ते जगले. आपण चार दिवस लक्षात ठेवतो. शेहेचाळीस वर्षांविषयी विचारीत नाही.

२००६ मध्ये कारवारला त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव मिळाले. हे योग्यच झाले. परंतु पुतळ्याला प्रश्न विचारता येत नाहीत. आपल्या मंडळातही सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा आहेत. शाल-श्रीफळ देऊन आपण त्यांना व्यासपीठावरून खाली उतरवितो आणि पुढचा कार्यक्रम सुरू करतो. माझी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे की, या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मुलांनी त्यांच्यापाशी बसावे, त्यांचे बोलणे उतरवून घ्यावे. केवळ लढाईचे नव्हे, घरी परतल्यानंतरचेही. आणि हे आजच करावे, कारण आज ते उत्तर देऊ शकतात.