सहलीच्या यादीतले नाव



सोनाळ्याहून सहल निघाली की चाकांच्या खुर्चीतले मूल बहुधा घरीच राहते. ‘त्याला उगाच त्रास नको,’ असे आपण म्हणतो; त्याला मात्र कोणी विचारत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळ व करमणुकीतही समान संधी देण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे.

आपल्याच जिल्ह्यातले लोणार घ्या. तळापर्यंत उतरणे त्याला जमणार नाही, हे खरे. पण सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे ते विवर सबंध दिसते ते काठावरूनच! शिक्षकांनी आधी जाऊन पायऱ्या मोजाव्यात. फूटभर चढाला बारा फूट उतार लागतो. आखूड फळी टाकून भागत नाही. स्वच्छतागृहाचे दारही मोजावे. यंदा त्याचे नाव आधी लिहा, मग बस ठरवा.