मैदान ही मेहेरबानी नव्हे



तरुणांसाठी खेळाचे मैदान करावे असा विषय ग्रामसभेपुढे आला की आक्षेप ठरलेले असतात. आधी पाणी, आधी रस्ता, खेळाचे मागाहून पाहू, हा पहिला. मैदान झाले की तेथे टवाळांचा अड्डा जमेल, हा दुसरा. तिसरा आक्षेप कोणी बोलून दाखवत नाही. गावठाणालगतची ती मोकळी जागा कोणाच्या तरी डोळ्यांत आधीच भरलेली असते.

पहिल्या आक्षेपाच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे : पोरे काय, कुठेही खेळतात. एके काळी ती खरी होती. सुगी संपली की शिवार मोकळे होई, खळी मोकळी होत, नदीचे पात्र कोरडे पडे. पुढे कुकडी प्रकल्पातून येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे उभी राहिली आणि जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागात बारमाही पाणी आले. उसाने शिवार भरले. ही समृद्धी शेतकऱ्याच्या घामाची आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु बारमाही पिकाच्या शिवारात मोकळे रान उरत नाही. शिवाय उसाच्या दाट फडात बिबट्याने वस्ती केली. जुन्नर वनविभागाच्या चारही तालुक्यांत माणसांवर हल्ले झाले, लहान मुलांचे बळी गेले. दिवस मावळला की आई मुलाला अंगणातही सोडत नाही. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र झाले, ते योग्यच झाले. मुलांच्या हिरावलेल्या संध्याकाळचे काय?

पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात प्रश्न वेगळा आहे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला. जेथे घर बांधण्यास निर्धोक सपाट जागा दुर्मिळ, तेथे मैदानाची मागणी चैनीची वाटू शकते. प्रत्यक्षात अशाच ठिकाणी सार्वजनिक जागा राखून ठेवणे अधिक निकडीचे आहे.

जागाच नाही, असे सांगणाऱ्यांना बैलगाड्यांच्या घाटाची आठवण द्यावी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या मधल्या काळात शर्यतींसाठी हा सारा परिसर एकवटला होता. घाट हा शेतकऱ्याचा सण आहे. त्याला विरोध नको. पण वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी जे गाव जागा राखते, त्याला रोजच्या खेळासाठी ती सापडू नये, हे पटणारे नाही.

कायदाही मुलांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले. २८ जानेवारी २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे आदेश राज्यांना दिले. केंद्राने २००८ साली पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान काढले, २०१४ मध्ये त्याचे नाव बदलले, पुढे ते ‘खेलो इंडिया’त विलीन झाले. योजनांची नावे बदलतात. गावातील दगडगोटे तसेच राहतात.

मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. तेथे २०१५ साली मुलांसाठी सिमेंटचे स्केटिंगचे मैदान झाले. नियम दोनच : मुलींना आधी संधी, आणि शाळा बुडवणाऱ्याला खेळ नाही. एकमेकांपासून दूर राहणारी आदिवासी आणि यादव घरांतील मुले त्या उतारांवर एकत्र आली. २०१८ मध्ये तेथील एका आदिवासी मुलीने चीनमधील जागतिक स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले. मात्र हे मैदान एका परदेशी बाईंच्या पुढाकाराने आणि देणग्यांतून झाले, हेही ध्यानात घ्यावे. दानशूराची वाट पाहणे हा समाजवादाचा मार्ग नव्हे. जे तेथे सद्भावनेने घडले, ते येथे ग्रामसभेच्या ठरावाने घडले पाहिजे.

एस. एम. जोशी यांचा जन्म १९०४ साली जुन्नरचाच. १९४१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल उभे राहिले, ते संध्याकाळच्या मैदानावर. जातिधर्म विसरून एका रिंगणात खेळणारी मुले हेच त्या चळवळीचे पहिले शिक्षण होते. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर त्यात आहे. अड्डा जमतो तो मैदानामुळे नव्हे. पोरांना सन्मानाने जमायला जागा नसते म्हणून.

कार्यकर्त्यांनी प्रथम गावच्या गायरानाचे आणि सार्वजनिक जागांचे सातबारे काढून ते ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत. मैदान वस्तीलगत असावे, त्यावर दिवे असावेत, मुलींचे तास राखून ठेवावेत. शाळेचे पटांगण संध्याकाळी सर्वांना उघडावे, ऊसतोड मजुरांच्या पोरांनाही. देखभालीची समिती ठेकेदाराच्या नव्हे, तरुण-तरुणींच्या हाती असावी. पाणी की मैदान, असा पेच घालणाऱ्यांना विचारावे : मैदान नाकारून आजवर किती वस्त्यांना पाणी मिळाले? श्रमिकांच्या मुलांना दोन्ही हवे आहे, आणि दोन्हींवर त्यांचा हक्क आहे.