बाग कोणाची?



राहात्यासारख्या गावात येऊन बागेवर बोलणे म्हणजे लोहाराच्या आळीत जाऊन घण विकण्यासारखे आहे. बाग म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगावे काय? गोदावरीच्या कालव्याचे पाणी या भागाला मिळाले आणि तुम्ही पेरूच्या बागा अशा फुलवल्या की राहात्याचे नाव घेताच माणसाला पेरू आठवतो. परंतु या बागांना कुंपण आहे, आत धनी आहे, आणि झाडामागे उत्पन्नाचा हिशेब आहे. यात गैर काहीच नाही. मला बोलायचे आहे ते मात्र दुसऱ्या बागेविषयी. तेथील फळ कोणी विकीत नाही आणि तेथे बसलेल्या माणसाला “तू कोणाचा?” असे कोणी विचारीत नाही.

अशी बाग मी प्रथम १९६७ साली पाहिली. त्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. माझे थोरले चुलते मुंबईत गिरणीत होते; आम्ही त्यांना आबा म्हणत असू. काळाचौकीच्या एका चाळीत त्यांचे बिऱ्हाड होते. बिऱ्हाड कसले, एका खोलीत अकरा पुरुष! दिवसपाळीचे परतले की रातपाळीचे वळकट्या गुंडाळून निघत. सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा रविवारी त्यांनी मला भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेले.

मुलांना हत्ती-माकडांचे आकर्षण, मलाही होते. पण त्या बागेची खरी श्रीमंती झाडांत आहे. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती लोकांसाठी उघडली गेली. त्या वेळचे नाव व्हिक्टोरिया गार्डन. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. शेजारचे संग्रहालय उभे राहावे म्हणून डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांनी कष्ट घेतले, आणि १८७२ साली ते लोकांना खुले झाले. घारापुरी बेटाला ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव पडले, तो दगडी हत्ती तेथेच आहे. त्याला विलायतेला नेण्याच्या खटपटीत तो फुटला. पुढे १९१४ साली त्याचे तुकडे सांधून त्याला या बागेत उभे केले. फोर्टातला काळा घोडाही १९६५ साली येथेच आला. थोडक्यात, राज्ये गेली, पुतळे हलले. झाडे मात्र जागची हलली नाहीत. गोरखचिंचेचे ते प्रचंड खोड, कैलासपतीची खोडालाच लगडलेली फुले, उर्वशीचे लोंबते लाल घोस — या सर्वांवर गिरणीच्या भोंग्याची सत्ता चालत नव्हती.

हे सर्व दाखवून झाल्यावर आबा एका झाडाखालच्या बाकावर बसले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पत्र काढले. ते काकूचे होते, आणि गुरुवारीच आले होते. मी विचारले, “आबा, तीन दिवस वाचलं नाही?” ते म्हणाले, “वाचलं रे. पण अकरा माणसांत वाचलं. आता वाचतो.”

बंधूंनो, सार्वजनिक बाग कशासाठी, याचे याहून चांगले उत्तर मला आजवर कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही. ज्याच्या घरी दिवाणखाना आहे, त्याला एकांत घरात मिळतो. ज्याला स्वतःची अशी खोली नाही, त्याने एकटे कोठे व्हावे? देवळात जावे तर तेथे हात जोडावे लागतात, हॉटेलात जावे तर चहा मागावा लागतो. काहीही न मागता, काहीही न देता जेथे घटकाभर बसता येते, अशी शहरातील एकच जागा म्हणजे बाग.

पुढे १९८२ चा संप झाला आणि आबा गावी परतले. चोहोकडे रान, वर मोकळे आकाश. मला वाटे, आता यांना बाग कशाला हवी? पण एकदा ते म्हणाले, “इथं रान आहे, पण बसायला जागा नाही. शेतात बसलं की काम दिसतं, पारावर बसलं की लोक दिसतात.” गाव मोठे होऊ लागले, नगर-मनमाड रस्त्यावरून वाहनांची रीघ लागली, की हे वाक्य अधिकच खरे ठरते. म्हाताऱ्याला घरात अडचण होते, सुनेला घडीभर श्वास घ्यायचा असतो, परीक्षेच्या मुलाला शांतता हवी असते. या तिघांना कोणाच्या बांधावर बसवाल?

बाग मिळाली की काम संपले, असेही नाही. २००७ साली राणीच्या बागेत कोट्यवधी रुपये खर्चून नवे प्राणिसंग्रहालय करण्याची योजना निघाली. झाडांचे काय होणार, असा प्रश्न काही नागरिकांनी विचारला. त्यांत स्त्रिया पुढे होत्या. त्यांनी नुसती ओरड केली नाही. झाड न् झाड मोजले, नावे लिहिली, अर्ज केले, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ती योजना मूळ स्वरूपात अमलात आली नाही. मात्र २०१६ साली पेंग्विन आले आणि २०१७ साली दारावरचा दर पाच रुपयांवरून पन्नास झाला. पेंग्विन पाहायला पन्नास रुपये कदाचित योग्यही असतील. पण केवळ पत्र वाचायला कोणी आबा आज आले, तर ते दारावरच थबकतील, एवढे मला वाटल्यावाचून राहत नाही.

आता शेवटी तुमच्या गावाकडे येतो. साईबाबांनी शिर्डीत फुलबाग केली, ही हकीकत दाभोलकरांच्या साईसच्चरितात आहे. रोपे कोठून आणली? राहात्याहून! जमीन साफ केली, जाई-जुई लावली. रोज दोन कच्च्या घागरी घेऊन स्वतः विहिरीचे पाणी घातले. संध्याकाळी घागरी फुटत, दुसऱ्या दिवशी नव्या दोन येत. असे तीन वर्षे चालले. श्रद्धाळूंनी या कथेतून आपला अर्थ घ्यावा. मी माळ्याचा अर्थ घेतो. बाग उद्घाटनाने होत नाही, फीत कापून होत नाही. रोजच्या दोन घागरींनी होते.

रोपे देण्याची या गावाची परंपरा आहे. पुरवठा दुसऱ्यांना खूप झाला. आता थोडी रोपे आपल्यासाठी राखा. गावाच्या मध्यावर, शाळेजवळ, जेथे चार गुंठे मोकळी जागा सार्वजनिक मालकीची असेल, तेथे सावली धरणारी झाडे लावा, दोन बाक टाका, आणि त्यांवर देणगीदाराचे नाव घातलेच तर लहान अक्षरांत घाला. दाराला कुलूप नको, दर नको. एवढे केलेत, तर तेथे कोणीतरी आपले पत्र निवांतपणे वाचील.