तालुका राहण्याजोगा आहे का?



औशाची जमीन काळी, कसदार. तेवढ्यानं तालुका राहण्याजोगा ठरत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. ते शहराला मिळालं. वाडीवस्तीला रूळ कुठले?

म्हणून गाव पाहायला आम्ही मे महिन्यात जातो. पावसाळ्यात सगळीच गावं गोजिरी! विहिरीत दोर किती हात सोडावा लागतो, कडबा किती दिवसांचा उरला, कणगीत ज्वारी आहे की घर उसाच्या बिलाकडे डोळे लावून बसलंय, हे विचारतो. आज प्रत्येक गावानं हे आकडे सांगावेत. मातीत रचलेली दगडी घरं अजून किती, तेही.