आईला सांगू नको हं!

आजचा विषय जरा अवघड आहे, पण रेडिओ बंद करू नका.

अनोळखी माणसाकडून खाऊ घ्यायचा नाही, असं आपण पोरांना पढवतो. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात बहुतेक वेळा माणूस ओळखीचाच निघतो. तो आधी घराला लळा लावतो. अडल्या कामाला धावतो, “वहिनी, तुम्ही जा रानात, मी बघतो पोराकडं,” म्हणतो. मग त्या एकाच पोराला खाऊ, मोबाइलवर गेम, गाडीवरून चक्कर. आणि हळूच, “आईला सांगू नको हं!” पहिल्यांदा गोष्ट पेप्सीकोल्याएवढीच असते. पोर गप्प राहतं का, ते तो बघत असतो. मग अंगाला हात लावणं, घाणेरडे व्हिडिओ दाखवणं, आणि शेवटी धाक, “सांगितलंस तर तुलाच मार बसेल.”

मदत करणारा प्रत्येक दीर, मामा वाईट नसतो. सगळ्यांवर संशय घेऊन घर चालत नाही. म्हणून पोरांना एवढंच सांगा, आईला सांगू नको असं जो म्हणेल, त्याचं नाव आधी आईला सांगायचं. मात्र तेव्हा रागावू नका. पेप्सीकोल्यापायी फटके बसले, तर पुढचं पोर कशाला सांगेल?

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची पोरं पाच-सहा महिने आजीकडं, नातेवाइकांकडं असतात. फोनवर ‘जेवलास का’ विचारता, तसं कोण आलं होतं, कुणासोबत गेला होतास, हेही विचारा. पोर एकटं असताना बोला, स्पीकर लावून नको.

आणि मुलग्याला काय होतंय, हे मनातून काढा. पॉक्सो कायदा २०१२ सालचा आहे. त्यात १८ वर्षांखालचा मुलगा असो की मुलगी, दोघांनाही संरक्षण आहे.

पोरानं काही सांगितलं तर विश्वास ठेवा. “तुझी काही चूक नाही,” हे तोंडानं म्हणा. खोदून खोदून विचारू नका. नुकतंच घडलं असेल तर आईचा हात आधी अंघोळीच्या पाण्याकडं जातो. पण थांबा, अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, तो पुरावा असतो. तसंच दवाखान्यात न्या. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची असते.

मग चार जण येतील, “गावातल्या गावात मिटवू, पोरीचं लग्न व्हायचंय.” त्यांना सांगा, हा गुन्हा बैठकीत मिटत नाही. उलट माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. पोलिसांची भीती वाटते, खरंय. पण मुलाचा जबाब घरीच घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, तीही वर्दीत नसते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पेपरात नाव, फोटो छापायला बंदी आहे.

चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे १०९८. एक, शून्य, नऊ, आठ. दिवसरात्र चालू, पैसे पडत नाहीत. पोरं स्वतःही लावू शकतात. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहून घ्या. मी परत सांगते: एक, शून्य, नऊ, आठ.