व्यसन, मनाचें दुखणें आणि आपले गैरसमज
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं दारूचा व मनाच्या आजाराचा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु पन्नास वर्षांत आपल्या देवळानें लोकांचीं सुखें पाहिलीं, तशीं दुःखेंहि पाहिलीं. त्यांपैकीं जें दुःख सर्वांत अधिक झांकून ठेवलें जातें, त्याविषयीं चार शब्द बोलण्याची मला परवानगी असावी. घरांत कोणास विषमज्वर झाला तर शेजारीपाजारी विचारपूस करावयास येतात. पण कोणी दारूनें ग्रासला किंवा मनानें खचला, तर घरचीं माणसें दार लावून घेतात. तें दार आपल्या गैरसमजांनीं लागतें. त्यांतील पांच आज पाहूं.

पहिला समज असा कीं, दारुडा हा केवळ दुराचारी. मनांत आणील तर उद्यां सोडील. पहिला पेला मनुष्य आपल्या इच्छेनें उचलतो, हें खरें. परंतु वर्षानुवर्षें पिण्यानें मेंदूंतील सुखाची व संयमाची यंत्रणाच बदलते, आणि मग इच्छा असूनहि हात आवरत नाहीं. या धोक्याचा सुमारें निम्मा भाग आनुवंशिक असतो, असें शास्त्रज्ञ सांगतात. म्हणून एकाच पंगतीस बसलेल्या दोन मित्रांपैकीं एक सुटतो व दुसरा अडकतो. यास रोग म्हटल्यानें रोग्याची जबाबदारी संपत नाहीं. मधुमेह झालेल्यास पथ्य पाळावेंच लागतें. पण शिव्या देऊन कोणाची साखर उतरल्याचें ऐकिवांत नाहीं.

दुसरा समज असा कीं, बियर, ताडी आणि मिशेरी यांत व्यसन कसलें! बियर, ताडी, देशी व विलायती या सर्वांतील मादक द्रव्य एकच. प्रमाण तेवढें वेगळें. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९८८ सालीं मद्यपेयांची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली. मिशेरी म्हणजे तर भाजून कुटलेला तंबाखूच. ती दिवसांतून चार वेळां लावल्यावांचून चैन पडत नसेल, तर लावणारी आजी कितीहि देवभीरु असो, तें व्यसनच होय.

तिसरा समज असा कीं, क्रुसापुढें एकदां शपथ घेतली म्हणजे काम झालें. डब्लिन शहरांतील मजूर मॅट टॅलबट यांचें चरित्र येथें आठवावें. १८५६ सालीं जन्मलेल्या या मनुष्यास बाराव्या वर्षाच्या सुमारास दारू लागली. १८८४ सालीं त्यांनीं मद्यत्यागाची शपथ घेतली, ती प्रथम केवळ तीन महिन्यांची! पुढें ती वाढवीत वाढवीत जन्माची केली, आणि १९२५ सालीं मरण येईपर्यंत पाळली. पोप पॉल सहावे यांनीं १९७५ सालीं त्यांस ‘पूजनीय’ म्हणून घोषित केलें. परंतु त्या शपथेमागें रोजची मिस्सा, रोजची प्रार्थना आणि दारूच्या गुत्त्याची वाट टाळण्याची रोजची खबरदारी होती. शपथ हें प्रवासाचें पहिलें पाऊल होय, मुक्काम नव्हे. वाटेंत कोणी पुन्हां पडला तर ‘सर्व व्यर्थ’ असें न म्हणतां उपचार पुन्हां सुरू करावे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : रोज पुष्कळ पिणाऱ्यानें दारू एकाएकीं बंद केली तर कंप, झटके, भ्रम, क्वचित् मृत्युहि ओढवतो. म्हणून सोडणें तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच सोडावें.

चौथा समज असा कीं, चहांतून किंवा भाजींतून गुपचूप गोळी दिली तर काम भागतें. बिचारी पत्नी हताश होऊन हा मार्ग धरते, तिला कोण दोष देईल? परंतु डायसल्फिराम नांवाच्या ज्या गोळ्या अशा रीतीनें दिल्या जातात, त्यांवर दारू प्याल्यास रक्तदाब एकदम उतरून जीव जाण्याचा संभव असतो. तें औषध रोग्याच्या संमतीनें व डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच द्यावयाचें असतें.

पांचवा समज सर्वांत क्रूर : मन आजारी पडलें म्हणजे भूतबाधा झाली, नाहीं तर श्रद्धा कमी पडली. विषण्णता हा भल्या भाविकासहि होणारा आजार आहे, व तो उपचारानें हटतो. पुष्कळ जण मनाची वेदना बुजविण्यासाठींच पिऊं लागतात, आणि दारू ती वेदना वाढवते; म्हणून दोहोंवर एकदम उपचार करावा लागतो. ‘जीव द्यावासा वाटतो काय?’ असें प्रेमानें विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं. उलट मनाचा भार हलका होतो. बुद्धिपुरस्सर आत्मघात करणाऱ्यास १९१७ च्या धर्मविधीनें ख्रिस्ती दफन नाकारलें होतें. १९८३ च्या धर्मविधींत ती बंदी राहिली नाहीं. गंभीर मानसिक विकारानें अशा मनुष्याची जबाबदारी कमी होते, व त्याच्या तारणाविषयीं निराश होऊं नये, असें १९९२ सालचा ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. ज्या घरांनीं हें दुःख सोसलें, त्यांनीं आज मान वर करून आपल्यांत बसावें.

मदत दूर नाहीं. वांद्रें येथें १९८१ सालीं फादर जो परेरा यांनीं कृपा फाउंडेशन स्थापिलें. पुण्यास १९८६ सालीं मुक्तांगण उभें राहिलें. १९३५ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांत व्यसनी मनुष्यच एकमेकांस आधार देतात. मनाच्या दुखण्यासाठीं सरकारचा टेली-मानस दूरध्वनि १४४१६ रात्रंदिवस विनामूल्य खुला आहे. आपणहि आठवड्यांतून एक संध्याकाळ आपलें सभागृह अशा सभेस द्यावें, अशी माझी महोत्सवानिमित्त नम्र सूचना आहे.

प्रभूच्या दृष्टांतांतील शोमरोनी मनुष्यानें वाटेंत पडलेल्यास ‘या रस्त्यानें एकटा कां आलास?’ असें विचारलें नाहीं. त्यानें जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेंत नेलें, खर्च दिला, आणि पुन्हां येण्याचें वचन दिलें. प्रार्थना, औषध, पैसा आणि पुन्हां पुन्हां जाणें, हाच क्रम आपला असावा. आपल्या गल्लींत असें एखादें लावलेलें दार असेल, तर या आठवड्यांतच तें हळूच ठोठवा. आंतील माणसें कदाचित् कित्येक वर्षें त्याच आवाजाची वाट पाहत असतील.