मोनांचा प्रश्न आणि ब्रह्मदेशातील समाजवाद
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माणसाला ब्रह्मदेश ठाऊक आहे तो दोन बंदिवासांमुळे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले, आणि मंडालेचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत राहून १९१६ साली तेथेच वारला. या दोन्ही आठवणी मंडालेच्या, म्हणजे उत्तरेकडील बर्मी राजसत्तेच्या अखेरच्या राजधानीच्या आहेत. त्या राजसत्तेने दक्षिणेतील ज्यांची राज्ये बुडवली त्या मोन लोकांचे नावही आपल्याकडे क्वचितच ऐकू येते. त्यांचा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्यांनी समजून घेतला पाहिजे, याला सहानुभूतीपलीकडचे एक कारण आहे. मोनांची भाषा आणि त्यांचे राजकीय हक्क ज्या राजवटींनी डावलले, त्यांतील दोन स्वतःला समाजवादी म्हणवीत होत्या.

साल्वीन नदीच्या मुखाभोवती मार्ताबानच्या आखाताच्या काठाने पसरलेला प्रदेश, त्यातील थाटोन, मोलमीन, ये ही गावे आणि थायलंडमधील काही वस्त्या, एवढ्यात आज मोन भाषा प्रामुख्याने टिकून आहे. एके काळी तिचा पसारा फार मोठा होता. मध्य थायलंडमधील द्वारावती हे मोनांचेच राज्य मानले जाते; त्या नावाची संस्कृत अक्षरे कोरलेली चांदीची नाणी नाखोन पाथोम येथे सापडली आहेत. पेगूचे नाव हंसावती, आणि मोन प्रदेशाचे जुने पाली नाव रामण्यदेश. (मोनांच्या निशाणावरील हंस हा पक्षिशास्त्राच्या दृष्टीने आपला चक्रवाक आहे, पण त्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही.) पगानजवळच्या म्याझेदी येथील १११३ सालच्या शिलालेखात पाली, प्यू, बर्मी आणि मोन या चार भाषांत एकच मजकूर आहे. बर्मी लिपी मोन लिपीवरून घेतली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पेगूच्या गादीवर पंधराव्या शतकात शिन सॉ बू ही राणी बसली. तिच्यामागून आलेल्या धम्मझेदीने सिंहलद्वीपाला भिक्षू पाठवून संघाची सुधारणा केली व १४७६ साली ती हकीकत पाली आणि मोन भाषांत शिलांवर कोरून ठेवली. तात्पर्य, ज्यांना पुढे मागासलेली टोळी समजून वागवण्यात आले, त्यांच्याकडूनच जेत्यांनी लिहिण्यावाचण्याचे बरेचसे धडे घेतले होते.

१७५७ साली अलौंगपायाने पेगू जिंकले. नगर उद्ध्वस्त झाले आणि मोनांचे लोंढे सयामकडे गेले. बँकॉकच्या परिसरातील मोन वस्त्यांपैकी अनेक अशाच स्थलांतरांतून उभ्या राहिल्या आहेत. परंतु मोन भाषेचा ऱ्हास केवळ तलवारीने झाला असे मानणे चूक ठरेल. यापुढचे काम बाजारपेठेने केले, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे अशी जागा हीच आहे.

इंग्रजांनी १८५२ साली पेगूचा प्रदेश खालसा केला. इरावतीच्या मुखाजवळची दलदल आणि जंगल तोडून तेथे भातशेती करण्याचे धोरण आखले गेले. उत्तरेच्या कोरडवाहू भागातून बर्मी शेतकरी हजारोंनी खाली उतरले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रह्मदेश वर्षाला सुमारे ३० लाख टन तांदूळ परदेशी पाठवीत होता. जगात त्याचा पहिला क्रमांक होता. या प्रचंड हालचालीत बाजाराची, कचेरीची आणि कोर्टाची भाषा बर्मी झाली. मोन शेतकरी आपल्या शेतावरच राहिला, परंतु पेगूकडच्या सपाटीवर त्याची नातवंडे बर्मी बोलू लागली. सरकारी कागदांत या लोकांना ‘तलैंग’ म्हणत. हे नाव बहुधा तेलंगणावरून आले असावे. मोनांना ते अपमानास्पद वाटे. १९३९ साली त्यांनी अखिल रामण्य मोन संघ स्थापन केला, तेव्हा स्वतःच्या नावाचा आग्रह हाही त्यामागे होता.

त्याच दशकात मंदी आली आणि भाताचे भाव कोसळले. आपल्या तामिळनाडूतून गेलेले चेट्टियार सावकार तेथे शेतीला भांडवल पुरवीत होते. खालच्या ब्रह्मदेशातील प्रमुख तेरा भातपिकाऊ जिल्ह्यांत त्यांच्याकडे १९३० साली सुमारे ६ टक्के जमीन होती, ती १९३८ पर्यंत २५ टक्क्यांवर गेली. कर्जापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या संतापातून ब्रह्मदेशातील समाजवादी चळवळीला बळ मिळाले. तिची वेदना खरी होती यात शंका नाही. मात्र तिच्या डोळ्यांपुढचा शेतकरी बर्मी बोलणारा होता. मोन शेतकऱ्याची जमीनही गेली आणि भाषाही गेली. त्यांपैकी जमिनीचाच हिशेब चळवळीने मांडला.

स्वातंत्र्याच्या वाटाघाटींत ही उणीव उघडी पडली. फेब्रुवारी १९४७ मध्ये आँग सान यांनी पांगलाँग येथे शान, काचिन आणि चिन नेत्यांशी करार केला. मोन त्यात नव्हते, कारण ते ‘मूळ ब्रह्मदेशा’चाच भाग धरले गेले. त्यांचा धर्म बर्मी लोकांचाच थेरवाद, शेतीही तीच. मग वेगळे घटकराज्य कशाला, असा राज्यकर्त्यांचा सवाल होता. समान धर्माचा दाखला देऊन भाषेचा हक्क नाकारण्याची ही युक्ती आपल्या उपखंडाला अपरिचित नाही. पूर्व बंगालच्या लोकांनी तिला १९५२ साली ढाक्यात उत्तर दिले.

मोन तरुणांनी कारेनांच्या जोडीने शस्त्रे हाती घेतली. १९४८ च्या पावसाळ्यात मोलमीन काही काळ सरकारच्या हातून गेले होते. जानेवारी १९५३ मध्ये रंगूनला आशियाई समाजवादी परिषद भरली. ऊ बा स्वे यजमान होते, ॲटली पाहुणे होते, भारतातील समाजवादीही उपस्थित होते. पारतंत्र्याविरुद्ध ठराव झाले. परंतु मार्ताबानच्या आखातापलीकडे त्या वेळीही बंड चालू होते. यजमानांची अडचण होऊ नये हा शिष्टाचार समजण्यासारखा असला, तरी तो आपल्या चळवळीला शोभला नाही हे आता कबूल करायला हरकत नसावी.

१९५८ साली ऊ नू यांच्या आवाहनावरून मोन पीपल्स फ्रंटने शस्त्रे खाली ठेवली. ते ज्यांना मान्य नव्हते त्यांनी नाई श्वे चिन यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी न्यू मोन स्टेट पार्टी काढली. १९६० च्या निवडणुकीत ऊ नू यांनी मोनांना घटकराज्याचे वचन दिले. ते पुरे होण्यापूर्वीच २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली आणि ‘समाजवादाकडे जाणारा बर्मी मार्ग’ जाहीर केला.

या मार्गाचे स्वरूप मोन खेड्यात काय होते? भाताचा व्यापार सरकारच्या हाती गेला आणि शेतकऱ्यावर ठरावीक कोटा ठरावीक भावाने घालण्याची सक्ती आली. आपल्याकडील लेव्हीची आठवण असणाऱ्यांना कल्पना येईल. फरक एवढाच की तेथे लेव्हीविरुद्ध मोर्चा काढण्याची सोय नव्हती. तांदळाची निर्यात घसरली, बाजारात वस्तू मिळेनाशा झाल्या आणि सारा माल थायलंडमधून चोरट्या वाटेने येऊ लागला. ती वाट तीन पॅगोडा खिंडीतून जात होती, आणि तिच्यावर मोन व कारेन बंडखोर जकात घेत होते. सरकारच्या आर्थिक धोरणानेच बंडाची तिजोरी भरली! या जकातीने बंडखोरांचेही नुकसान केले. १९८८ च्या पावसाळ्यात रंगूनचे विद्यार्थी रस्त्यावर गोळ्या खात असताना मोन आणि कारेन सैनिक या खिंडीसाठी एकमेकांशी लढत होते.

१९७४ च्या घटनेने नकाशावर मोन राज्य आले. पेगू त्याच्या बाहेरच राहिले, आणि एकपक्षीय राज्यव्यवस्थेत त्या राज्याला स्वतःचा अधिकार असा काही मिळाला नाही. सरकारी शाळेत मोन भाषेला जागा नव्हती. ती भाषा विहारांत टिकली. उन्हाळ्याच्या सुटीत भिक्षू मुलांना अक्षरे गिरवायला लावीत. सीमेलगतच्या भागात पक्षाने स्वतःच्या शाळा काढल्या. पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. या शाळांत प्राथमिक शिक्षण मोन भाषेत आणि वरचे वर्ग बर्मीत, अशी व्यवस्था बसवली गेली. मुलाने आपली भाषा राखावी आणि सरकारी परीक्षेलाही बसता यावे, हा तिचा हेतू. या लढ्याची सर्वांत भरीव कमाई कोणती म्हणाल, तर या शाळा.

१९९० च्या निवडणुकीत मोन लोकशाही आघाडीचे पाच उमेदवार निवडून आले. संसद भरलीच नाही. २९ जून १९९५ रोजी न्यू मोन स्टेट पार्टीने युद्धबंदी केली. त्यामागे लष्कराच्या दडपणाइतकेच थायलंडचेही दडपण होते, कारण यादाना येथील समुद्री वायू तनिंथारीतून नळाने थायलंडला न्यायचा होता. त्या योजनेत फ्रान्सची तोताल आणि अमेरिकेची युनोकाल या कंपन्या होत्या. त्याच सुमारास ये ते दावे हा रेल्वेमार्ग गावकऱ्यांच्या वेठबिगारीवर बांधला जात होता. देशभर वेठबिगार सर्रास चालते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या चौकशी आयोगाने १९९८ साली काढला.

लष्कर हटले की प्रश्न सुटेल, ही समजूत एका पुलाने खोटी ठरवली. मोलमीन आणि समोरचे बेट यांना जोडणारा साल्वीनवरचा पूल २०१७ साली तयार झाला. त्या बेटाचे बर्मी नाव बिलू चून, म्हणजे राक्षसांचे बेट. तेथे वस्ती प्रामुख्याने मोनांची. आँग सान सू ची यांच्या पक्षाच्या बहुमताने संसदेत पुलाला आँग सान यांचे नाव देण्याचे ठरले. हजारो मोन नागरिक मोलमीनच्या रस्त्यांवर आले. आँग सान यांच्याविषयी त्यांना अनादर नव्हता. आपल्या नदीवरच्या पुलाचे नाव आपल्याला विचारून ठेवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बहुमताने ते ऐकले नाही. एप्रिलमधील पोटनिवडणुकीत त्या मतदारसंघाची जागा सत्ताधारी पक्षाने गमावली, आणि ती लष्कराच्या कृपाछत्राखालील पक्षाकडे गेली. लोकशाहीवाद्यांच्या अरेरावीचा लाभ हुकूमशहांना कसा मिळतो, याचा हा नमुना आहे.

१ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर मोन युनिटी पार्टीने लष्कराच्या प्रशासन परिषदेत आपला माणूस पाठवला. हा निर्णय गैर होता, आणि पक्षातही त्यावरून राजीनामे झाले. न्यू मोन स्टेट पार्टी २०१८ साली सही केलेल्या राष्ट्रीय युद्धबंदी कराराला धरून राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्यातील एक गट लष्करी हुकूमशाहीविरोधी या नावाने बाहेर पडला आणि लढ्यात उतरला. लष्कराविरोधी आघाडीने ३१ मार्च २०२१ रोजी संघराज्याची सनद प्रसिद्ध केली आहे. त्या संघराज्यात मोन राज्याच्या सीमा, नदीवरचे आणि वायूवरचे उत्पन्न, आणि त्या शंभरावर शाळांचा खर्च यांची वाटणी कशी होणार, हे मोन आता तिला विचारीत आहेत.